ॲपमधून पेटीचा फोटो व्हॉट्सॲपवर, मेलवर द्यायचा तर नेमकं कुठे अडतं

तुमचा प्रश्न वाचला. देवगडला घरच्या हापूसच्या धंद्यासाठी तुम्ही स्वतः अँड्रॉइडवर छोटं ॲप केलंय. पेटी भरली की वरचा पेंढा बाजूला करून फोटो काढायचा, त्यावर पेटी नंबर, डझन आणि गिऱ्हाईकाचं नाव छापायचं आणि तो फोटो व्हॉट्सॲपने नाहीतर मेलने मुंबई-पुण्याला पाठवायचा. तुमच्या जुन्या अँड्रॉइड ६ च्या फोनवर चालतंय, भावाच्या नव्या फोनवर शेअर दाबलं की ॲप बंद पडतंय. नेटवर सापडलेली एक ओळ टाकली तर बंद पडायचं थांबलं पण आता व्हॉट्सॲप म्हणतंय फाईल फॉरमॅट सपोर्टेड नाही, आणि मेल उघडतो पण त्यात फोटोच नसतो. शिवाय शेवटी विचारलंय की गिऱ्हाईक न निवडता थेट त्याच्या नंबरवर फोटो जाईल असं करता येईल का.

मी बरीच वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात बागायतदार, निवास-न्याहारीवाले, बोटवाले यांच्यासाठी असली छोटी ॲप करतोय, आणि फोटो शेअर करायचं बटण नाही असं त्यातलं एकही नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडे चार वेगळ्या तक्रारी दिसतायत पण पहिल्या तीन एकाच ठिकाणाहून येतायत.

मूळ गोष्ट अशी की तुमचं ॲप फोटो पाठवतच नाही. ते फक्त फोटो दुसऱ्या ॲपच्या हातात देतं आणि पुढचं काम ते ॲप करतं. एसटीच्या कंडक्टरकडे पार्सल दिल्यासारखं आहे, तुम्ही पॅकिंग नीट करून, चिठ्ठी लावून हातात देऊ शकता पण पुढे गाडी कुठे थांबली, कोणी उतरवून घेतलं हे तुमच्या हातात नाही. हे एकदा डोक्यात बसलं की प्रश्न दोनच उरतात, समोरच्या ॲपला तो फोटो उघडता येतोय का, आणि तो कसला फोटो आहे हे त्याला कळतंय का. तुमचं अडतंय ते पहिल्या प्रश्नावर.

आता जुन्या फोनवर का चालतं ते. तुम्ही फोटोचा पत्ता फाईल कोलन स्लॅश स्लॅश असा देताय, म्हणजे थेट फोनच्या स्टोरेजमधला रस्ता. पूर्वी चालायचं ते, कारण फोटो एसडी कार्डच्या सामायिक जागेत असायचा आणि व्हॉट्सॲपला स्टोरेजची परवानगी असायची, दोघांना एकच कपाट उघडं. २०१६ ला अँड्रॉइड ७ आलं आणि गूगलने हे बंद केलं, तुमचं ॲप एपीआय २४ (अँड्रॉइड ७ चा आतला क्रमांक) किंवा पुढचं टार्गेट करत असेल, म्हणजे त्या आवृत्तीसाठी बनवलंय असं सांगत असेल, आणि असा पत्ता ॲपच्या बाहेर दिला तर फाईल यूआरआय एक्सपोज्ड एक्सेप्शन नावाची चूक येऊन ॲप तिथेच पडतं. आणि टार्गेट कमी ठेवून पळवाट काढता येत नाही कारण प्ले स्टोअर दर वर्षी टार्गेटची अट वर सरकवतं. त्यानंतर अँड्रॉइड १० आणि ११ मध्ये स्कोप्ड स्टोरेज आलं, म्हणजे एका ॲपने दुसऱ्याच्या फाईलींत असं सहज डोकावायचं हेच बंद झालं.

तुम्ही नेटवरून घेतलेली ती एक ओळ म्हणजे बहुतेक स्ट्रिक्ट मोडची व्हीएम पॉलिसी (अशा चुका पकडणारे अँड्रॉइडचे नियम) रिकामी करणारी. ती आजही जागोजागी उत्तर म्हणून दिलेली दिसते आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण ती फक्त ओरडणाऱ्याचं तोंड बंद करते. ॲप पडत नाही पण पत्ता तोच जुना जातो, व्हॉट्सॲप तो उघडायला जातं, त्याला परवानगी नसते, मग ते आपल्याला फॉरमॅट चुकीचा असल्याचं सांगतं आणि आपण जेपीजी, पीएनजी बदलत बसतो. फॉरमॅटचा काही संबंध नाही. मेलवाला तर पुष्कळदा एक छोटा टोस्ट (क्षणभर दिसणारी सूचना) दाखवून गप्प अटॅचमेंट सोडून देतो, तुम्ही तो टोस्ट बघितला नसेल. ती ओळ आधी काढून टाका.

खरा इलाज म्हणजे फाईलप्रोव्हायडर. अँड्रॉइडएक्सच्या कोअर लायब्ररीत तो तयार मिळतो, लिहायला लागत नाही. मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती फोनला सांगणारी फाईल) प्रोव्हायडरची नोंद करायची, एक्सपोर्टेड फॉल्स आणि ग्रँट यूआरआय परमिशन्स ट्रू ठेवायचं, एक छोटी एक्सएमएल फाईल करून त्यात कुठलं फोल्डर देता येईल ते सांगायचं, आणि कोडमध्ये गेट यूआरआय फॉर फाईल म्हटलं की तुम्हाला कंटेंट कोलन स्लॅश स्लॅश असा पत्ता, म्हणजे कंटेंट यूआरआय, मिळतो. हा पत्ता म्हणजे रस्ता नाही, एक परवाना आहे, एका फाईलपुरता, ज्याला दिला त्या ॲपपुरता, आणि त्याचं काम संपलं की रद्द होणारा. व्हॉट्सॲपला स्टोरेजची परवानगी असो नसो, काही फरक पडत नाही. तुमच्या ॲपलाही स्टोरेजची परवानगी मागायची गरज राहत नाही. गिऱ्हाईकाच्या नाही पण बागेतल्या गड्याच्या फोनवर ॲप टाकताना हा फायदा फार मोठा आहे, कारण परवानगीचं पान आलं की निम्मे लोक घाबरून नको दाबतात.

इथे मी एक गोष्ट नेहमी करतो, तुम्हीही करा. ॲपच्या कॅश (तात्पुरत्या फाईलींच्या) फोल्डरच्या आत शेअर नावाचं एक फोल्डर करतो आणि एक्सएमएलमध्ये फक्त तेवढंच उघडतो. टिंब टाकून सगळं फोल्डर उघडायचे नमुने नेटवर भरपूर आहेत, चालतातही, पण तुमच्या ॲपच्या फोल्डरमध्ये उद्या गिऱ्हाईकांची यादी, उधारीचा डेटाबेस येणार, तो कशाला उघड्या बाजूला ठेवायचा. जे द्यायचंय त्याची प्रत शेअर फोल्डरमध्ये करा आणि तीच द्या. अजून एक, एक्सएमएलमधला टॅग आणि कोडमधलं फोल्डर जुळायला पाहिजे. गेट कॅश डिर वापरलं तर कॅश पाथ, गेट फाईल्स डिर तर फाईल्स पाथ, एक्स्टर्नल कॅश वापरली तर एक्स्टर्नल कॅश पाथ. नावं इतकी सारखी आहेत की इथे गडबड होतेच होते.

मग इंटेंट, म्हणजे दुसऱ्या ॲपला द्यायची चिठ्ठी. ॲक्शन सेंड, टाईप इमेज स्लॅश जेपीईजी, एक्स्ट्रा स्ट्रीममध्ये तो कंटेंट यूआरआय, आणि ग्रँट रीड यूआरआय परमिशनचा फ्लॅग. सेंडसाठी अँड्रॉइड हा फ्लॅग बऱ्याचदा स्वतःच जोडतं, तरी मी हाताने लिहितो आणि तोच यूआरआय क्लिपडेटा या इंटेंटच्याच दुसऱ्या कप्प्यातही घालतो, कारण नव्या फोनवर शेअरशीट (कुठल्या ॲपने पाठवायचं ती यादी) उघडल्यावर वर जो छोटा फोटो दिसतो तो नाहीतर रिकामा येतो आणि माणसाला वाटतं फोटो गेलाच नाही. फ्लॅग जोडताना ॲड फ्लॅग्ज वापरा, सेट फ्लॅग्ज नको, कारण सेट आधीचे सगळे पुसून नवा एकच ठेवतो. मग क्रिएट चूझर करून उघडा. फोटो अनेक असतील तर ॲक्शन सेंड मल्टिपल आणि एक्स्ट्रा स्ट्रीममध्ये यादी, बाकी तेच. आणि एक चुकूनही करू नका, बिटमॅपच (मेमरीत उघडलेला अख्खा फोटो) उचलून इंटेंटमध्ये टाकू नका. दोन ॲपमधल्या देवाणघेवाणीला साधारण १ एमबीची जागा असते, ती सुद्धा सगळ्यांत वाटलेली, फोटो त्यात मावत नाही.

आता दुसरा प्रश्न, कसला फोटो आहे हे समोरच्याला कळणं. फाईलप्रोव्हायडर फाईलचा प्रकार नावाच्या शेपटीवरून ठरवतो. तुम्ही फाईलला पेटी-१२ असं नुसतं नाव दिलं आणि पुढे डॉट जेपीजी लावलं नाही तर विचारणाऱ्या ॲपला तो सांगतो की हा नुसता बायनरी डेटा आहे, आणि मग व्हॉट्सॲप पुन्हा तेच फॉरमॅटचं रडगाणं. इंटेंटमध्ये टाईप बरोबर लिहिलाय तरी असं होतं म्हणून लोक चक्रावतात. तसंच फाईल लिहून पूर्ण व्हायच्या आधी शेअर उघडणं. कॉम्प्रेस (फोटो दाबून फाईलमध्ये लिहिणं) बॅकग्राऊंडला चालू आहे, स्ट्रीम बंद झालेली नाही, आणि इकडे शेअरशीट उघडली, की समोरच्याला शून्य बाईटची फाईल मिळते. वेगवान फोनवर कळत नाही, साध्या फोनवर रोज होतं. लिहिणं संपलं, स्ट्रीम बंद झाली, मगच पुढे जायचं.

प्रत्येक फोटोला नवीन नाव द्या हेही सांगून ठेवतो. शेअर डॉट जेपीजी असं एकच नाव ठेवून वर वर लिहीत राहिलात तर यूआरआय तोच राहतो, काही ॲप जुना फोटो लक्षात ठेवतात आणि जोशींच्या पेटीचा फोटो सावंतांना जायची वेळ येते. पेटी नंबर आणि वेळ नावात घाला. मग फाईली साठतात, त्या पुसायच्या कधी? स्टार्ट ॲक्टिव्हिटीच्या पुढच्या ओळीत तर मुळीच नाही, कारण समोरचं ॲप फाईल लगेच वाचत नाही, माणूस आधी गिऱ्हाईक शोधतो, मजकूर लिहितो, मध्येच फोन येतो. मी ॲप उघडताना एक दिवसापेक्षा जुन्या फाईली पुसतो. हंगामात दिवसाला पेट्या भरपूर असल्या तरी एका दिवसाचे फोटो फोनला जड होत नाहीत, कॅशमध्ये आहेत म्हटल्यावर जागा कमी पडली तर फोन स्वतःही पुसू शकतो.

इथवर केलंत की तुमच्या पहिल्या तीन तक्रारी जायला पाहिजेत. पण तुम्ही विचारलेलं नाही तरी एका गोष्टीवर मी थांबणार आहे, कारण धंद्याच्या दृष्टीने मला ती जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे पोचलेला फोटो वाचता येतो का.

व्हॉट्सॲप फोटो लहान करतं हे सगळ्यांना माहीत आहे. फोनच्या कॅमेऱ्याचा फोटो समजा ४००० बाय ३००० चा, तुम्ही त्यावर खालच्या कोपऱ्यात अक्षरं छापली, तुमच्या स्क्रीनवर छान दिसली, मग व्हॉट्सॲपने फोटो निम्म्याहून लहान केला आणि वर जेपीईजीने दाबला. इंग्रजी आकडे तग धरतात, पण देवनागरीत आधी रफार आणि अनुस्वार जातात, मग मात्रा, मग ३ आणि ६ सारखे दिसायला लागतात. तीन डझन की सहा डझन हेच कळलं नाही तर फोटो पाठवून उपयोग काय. म्हणून क्रम उलटा करायचा. आधी तुम्हीच फोटो लहान करा, लांब बाजू १६०० पिक्सेल मी ठेवतो, मग त्याच्या खाली पांढरी पट्टी जोडा आणि त्या पट्टीवर काळ्या अक्षरात मजकूर लिहा, पेंढ्यावर किंवा आंब्यावर नाही, कारण पिवळ्या-सोनेरी पेंढ्यावर कुठलाच रंग धड उठून दिसत नाही. अक्षराचा आकार ठरावीक न ठेवता फोटोच्या रुंदीच्या प्रमाणात काढा, रुंदीचा पंचविसावा भाग ही माझी सुरुवात असते. मग जेपीईजी ८५ ला सेव्ह करा. आधीच बेताचा असलेला फोटो व्हॉट्सॲप फार कुरतडत नाही आणि कातळावरच्या बागेत एक काडी रेंज असताना तो वर चढतोही लवकर.

अक्षरं छापायचं काम फोनवरच करा हे पण सांगतो. अँड्रॉइडच्या कॅनव्हासवर देवनागरी जोडाक्षरं बरोबर उमटतात. हेच काम सर्व्हरवर साध्या इमेज लायब्ररीने केलं तर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलन्त लावून सुटी पडतात, त्यासाठी तिथे वेगळी सोय करावी लागते.

फोटो मुळातच धूसर येत असेल तर कॅमेऱ्याचा कोड बघा. इमेज कॅप्चर इंटेंट वापरताना एक्स्ट्रा आऊटपुट दिला नसेल तर परत येतो तो खरा फोटो नसतो, थंबनेल असतं. पुष्कळ लोक व्हॉट्सॲपला दोष देतात आणि मुळात फोटोच पिटुकला असतो. आऊटपुटला तोच फाईलप्रोव्हायडरचा यूआरआय द्या. आणि फोटो आडवा पडत असेल तर तो एक्झिफमधला (कॅमेरा फाईलमध्ये लिहितो ती माहिती) दिशेचा आकडा वाचून स्वतः फिरवावा लागतो, बिटमॅप फॅक्टरी तो आपणहून बघत नाही.

एक्झिफवरून आठवलं. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर मूळ फोटोच्या पोटात बागेचा अक्षांश-रेखांश असतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातं पण डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलने मूळ फाईल गेली तर जसंच्या तसं जातं. वरच्या पद्धतीने तुम्ही फोटो नव्याने सेव्ह केलात की ती माहिती नव्या फाईलमध्ये येतच नाही, म्हणून मूळ फाईल कधी देऊ नका, प्रतच द्या. गडी नसताना बाग कुठे आहे हे अनोळखी माणसाला कळायची काही गरज नाही.

कधी मूळ फोटोच द्यावा लागतो, ते वेगळं. गिऱ्हाईकाने तक्रार केली की आंब्यात साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) निघाला, त्याने कापलेल्या फोडीचा फोटो पाठवला, तर तो तुमच्या हातातला विषय नाही, पण तुम्ही वाशीच्या व्यापाऱ्याला मालावरचा डाग दाखवताय तेव्हा बारकावा लागतो. तिथे व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं, किंवा २०२३ पासून मिळालेला एचडी पर्याय वापरा. हे दोन्ही पर्याय माणसाने व्हॉट्सॲपच्या आत निवडायचे असतात, तुमच्या ॲपमधून फोटो म्हणून दिलेली गोष्ट एचडीच जाईल असं ठरवता येत नाही. मेलचं तसं नाही, जीमेलला एकूण २५ एमबीच्या आत असलं की जसं दिलं तसं पोचतं.

मेलबद्दल दोन बारक्या गोष्टी आहेत, दोन्ही वेळ खाणाऱ्या. फक्त मेलची ॲप दिसावीत म्हणून लोक सेंड टू आणि मेल टू वापरतात, पण तो रस्ता अटॅचमेंटसाठी नाहीच, काही मेल ॲप घेतात, काही सोडून देतात. फोटो असेल तर ॲक्शन सेंडच, आणि फक्त मेल ॲप दाखवायची असतील तर त्याच इंटेंटला मेल टू चा सिलेक्टर लावा. दुसरं, एक्स्ट्रा ईमेलला एक नाव असलं तरी स्ट्रिंगचा ॲरे द्यायचा असतो, नुसती स्ट्रिंग दिली तर मेल उघडतो पण टू चा रकाना कोरा. विषय एक्स्ट्रा सब्जेक्टमध्ये.

फोटोबरोबरचा मजकूर एक्स्ट्रा टेक्स्टमध्ये दिला तर व्हॉट्सॲप तो फोटोखालचं कॅप्शन म्हणून घेतं, जीमेल मेलचा मजकूर म्हणून. फेसबुक मात्र दुसऱ्या ॲपने भरलेला मजकूर घेत नाही, ते त्यांचं धोरणच आहे. म्हणून पेटी नंबर, डझन, तारीख हे जे हरवून चालणार नाही ते फोटोवरच छापा, तुम्ही छापताय ते बरोबरच करताय. कॅप्शनमध्ये नमस्कार, गाडी रात्री निघेल वगैरे ठेवा, गेलं तर गेलं.

साध्या एसएमएसचा विचार फोटोसाठी सोडून द्या. एमएमएस आपल्याकडे कोणी वापरत नाही, आणि देवनागरी एसएमएसला एका भागात ७० च अक्षरं मिळतात, त्यात लिंक टाकलीत की मजकुराला जागाच उरत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, थेट नंबरवर. सरळ सांगायचं तर फोटो, ठरावीक नंबर आणि व्हॉट्सॲप या तिन्ही गोष्टी एकत्र जोडणारा अधिकृत रस्ता साध्या शेअरमध्ये नाही. डब्ल्यूए डॉट एमईच्या लिंकने नंबर ठरवता येतो, ९१ आणि पुढे दहा आकडे, अधिक चिन्ह आणि शून्य न लावता, पण त्यातून मजकूरच जातो, फोटो नाही. शेअरने फोटो जातो पण गिऱ्हाईक माणसाने निवडायचं. इंटेंटमध्ये जेआयडी (व्हॉट्सॲपच्या आतला चॅटचा पत्ता) नावाची एक्स्ट्रा टाकून थेट चॅट उघडायची युक्ती तुम्हाला नेटवर सापडेल, ती व्हॉट्सॲपने कुठे लिहून दिलेली नाही, कुठल्याही अपडेटला बंद पडू शकते आणि ती ऐन एप्रिलमध्ये पडली तर गिऱ्हाईकांचे फोन कोण घेणार. मी धंद्याच्या ॲपमध्ये ती टाकत नाही.

मग करायचं काय हे तुमच्या आकारावर अवलंबून आहे. घरचा माल, दिवसाला वीस-तीस पेट्या, एक माणूस फोनवर बसलेला, तर शेअरशीट आणि हाताने गिऱ्हाईक निवडणं हेच बरोबर, त्यात एक टॅप जास्त जातो एवढंच. तो टॅप सोपा करायला शेअर उघडायच्या आधी गिऱ्हाईकाचं नाव क्लिपबोर्डवर कॉपी करून ठेवा, व्हॉट्सॲपच्या शोध रकान्यात चिकटवलं की सापडतं. थोडा मोठा पसारा असेल, सर्व्हर असेल, तर फोटो सर्व्हरवर चढवा आणि त्याची लिंक डब्ल्यूए डॉट एमईच्या मजकुरात द्या, नंबरही ठरलेला आणि फोटोही लिंक उघडून दिसतो. आणि शेकडो पेट्या, अनेक बागायतदारांचा माल एकत्र जातोय, कोणी फोनला हात न लावता आपोआप जायला पाहिजे, तर व्हॉट्सॲपचा क्लाऊड एपीआय, जो २०२२ पासून सगळ्यांना खुला आहे. तिथे फोटो ५ एमबीपर्यंत चालतो आणि संदेश पोचला, वाचला हेही सर्व्हरला कळतं. पण गिऱ्हाईकाने तुम्हाला गेल्या २४ तासांत काही लिहिलं नसेल तर आधी मंजूर करून घेतलेल्या टेम्प्लेटनेच सुरुवात करावी लागते आणि त्याला पैसे पडतात, शिवाय गिऱ्हाईकाची संमती घेतलेली पाहिजे. माझ्या मते तुम्हाला आत्ता याची गरज नाही, पुढच्या हंगामाला बघा.

फक्त व्हॉट्सॲपच उघडायचं म्हणून पॅकेजचं नाव (अँड्रॉइडमधली ॲपची ओळख) कोडमध्ये पक्कं करू नका. आपल्याकडे धंदेवाल्यांच्या फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस असतं, त्याचं पॅकेज वेगळं, शेवटी डब्ल्यू फोर बी. साधं नाव ठेवलं आणि ते ॲप नसलं तर तुमचं ॲप पडतं. आणि अँड्रॉइड ११ पासून अजून एक गंमत आहे, व्हॉट्सॲप फोनवर आहे का असं तुम्ही आधी विचारायला गेलात तर मॅनिफेस्टमध्ये क्वेरीज (कुठली ॲप शोधणार त्यांची यादी) न लिहिल्यास उत्तर नाही असंच येतं, ॲप समोर दिसत असताना. उघडायला मात्र त्याची गरज नसते. त्यामुळे विचारत न बसता सरळ उघडा आणि ॲक्टिव्हिटी नॉट फाऊंड ही चूक पकडा, किंवा दोन्ही पॅकेजं क्वेरीजमध्ये घाला.

आणि कृपा करून शेअरशीट बंद झाली की तुमच्या यादीत पेटीसमोर पाठवला असं लिहू नका. ॲक्शन सेंड परत काहीच सांगत नाही, कॅन्सल्ड आलं तरी फोटो गेलेला असू शकतो. चूझरला इंटेंट सेंडर जोडला तर कुठलं ॲप निवडलं एवढं कळतं, पुढे त्या माणसाने पाठवलं की मागे फिरला ते नाही. त्यात बागेत रेंज नसते, व्हॉट्सॲपवर घड्याळ फिरत राहतं आणि फोटो रात्री घरी वायफायला आल्यावर जातो. गिऱ्हाईक म्हणतं आला नाही, तुमचं ॲप म्हणतं पाठवला, आणि वाद माणसांत होतो. मी तिथे शेअर केला एवढंच लिहितो आणि शेजारी एक खूण ठेवतो, गिऱ्हाईकाचा होकार आला की माणसाने स्वतः लावायची.

तुमचं ॲप फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हवर असेल तर शेअर प्लस, रिॲक्ट नेटिव्ह शेअर ही पॅकेजं फाईलप्रोव्हायडरचं काम आतून करतात, पण फाईलचं नाव, शेपूट, आकार, पुसायची वेळ हे सगळं तुमच्याकडेच राहतं. आयफोनला ॲक्टिव्हिटी व्ह्यू कंट्रोलर वापरायचा, तिथे परवान्याची ही भानगड नाही, फक्त आयपॅडवर पॉपओव्हरचा सोर्स दिला नाही तर ॲप पडतं. ब्राऊझरवरून करायचं तर नेव्हिगेटर डॉट शेअर आहे, एचटीटीपीएस पाहिजे आणि बोटाने टॅप केल्या केल्याच बोलवायचं, फोटो बनवण्यात वेळ गेला तर ब्राऊझर नकार देतो, म्हणून फोटो आधी तयार ठेवून मग बटण दाखवा.

हे सगळं करून भावाच्या फोनवर परत अडलं तर फोन केबलने लावून लॉगकॅट (फोनमधली चुकांची नोंद) बघा, टोस्टवर विश्वास ठेवू नका. कन्फिगर्ड रूट सापडत नाही असं असेल तर एक्सएमएलमधला टॅग आणि कोडमधलं फोल्डर जुळत नाहीये. मेटाडेटा सापडत नाही म्हणत असेल तर मॅनिफेस्टमधली ऑथॉरिटी (प्रोव्हायडरचं नाव) आणि कोडमधली वेगळी आहे, दोन्हीकडे ॲप्लिकेशन आयडी आणि पुढे डॉट फाईलप्रोव्हायडर असंच ठेवा. परमिशन डिनायल असेल तर फ्लॅग कुठेतरी पुसला गेलाय. आणि काहीच लाल दिसत नसेल तर शेअर फोल्डरमधली फाईल किती बाईटची आहे ते बघा, आणि त्या फाईलचं पूर्ण नाव शेपटीसकट इथे टाका.